एव्हरेस्ट बेस कॅम्पला तंबू की लॉज?

प्रश्न नाशिकहून आलाय. बाई 52 वर्षांच्या, यजमान 57 चे. सह्याद्रीत दोघांनी चिक्कार पायपीट केलेली, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड तर वर्षाआड ठरलेले. पण 4,000 मीटरच्या वर एकही रात्र काढलेली नाही. येत्या ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरलंय. ट्रेक कंपनीने दोन दर कळवलेत, एक लॉजमध्ये राहून आणि एक तंबूत राहून. तंबूचा दर जवळपास पावणेदोन पट. मुलाचं म्हणणं, तंबूशिवाय ट्रेक कसला? यजमानांना वाटतंय, पैसे जास्त तर सोयही जास्त असणार. आणि बाईंनी पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय: "मला रात्री दोनदा उठावं लागतं, आणि हे घोरतात."

मला विचाराल तर पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच.

उत्तर आधीच सांगून टाकते: लॉज घ्या. गेली बावीस वर्षं मी गट घेऊन हिमालयात जाते आणि तंबूवर माझं मनापासून प्रेम आहे, तरीही तुम्हा दोघांना, या वाटेवर, या महिन्यात मी तंबू सुचवणार नाही. कारणं मात्र तुमच्या घरात ज्या मुद्द्यांवर वाद चाललाय त्यांहून वेगळी आहेत.

तंबूचा हा पर्याय आला कुठून, ते आधी बघू. 1964 साली जिमी रॉबर्ट्स या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने काठमांडूत नेपाळची पहिली ट्रेकिंग कंपनी काढली. त्याआधी तो मोहिमांवर गेलेला माणूस, त्यामुळे त्याने मोहिमेचाच साचा उचलला: सरदार (गटाचा म्होरक्या), आचारी, त्याच्या हाताखालची पोरं, भरिये म्हणजे ओझं वाहणारे हमाल, जेवणाचा तंबू, संडासाचा तंबू, पहाटे तंबूच्या दाराशी चहा आणि मागोमाग तोंड धुवायला गरम पाण्याचं घमेलं. तेव्हा वाटेत परक्या माणसाला राहायला छप्परच नव्हतं, म्हणून हा सगळा सरंजाम. पुढे शेर्पा कुटुंबांनी आपल्याच घरात चुलीशेजारी बाकं टाकली, मग वर एक माडी चढवली, मग खोल्या पाडल्या. आज जिथून चालायला सुरुवात होते त्या लुकल्यापासून शेवटच्या मुक्कामापर्यंत, गोरक्षेपपर्यंत, दोन-तीन तास चाललात की छप्पर येतंच. म्हणजे ज्या गरजेपोटी तंबू आला ती गरज या वाटेवरून केव्हाच गेली. तंबू तेवढा राहिला, महागड्या हौसेसारखा.

आणि मुलाला एक गोष्ट कळवा. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टखालच्या या मुलखात, तंबूवाले गट तंबू ठोकतात कुठे? बहुतेक वेळा लॉजच्याच अंगणात, किंवा शेजारच्या बटाट्याच्या वावरात. कारण पाणी तिथे आहे, सपाट जागा तिथे आहे. रात्री सातला तुम्ही तंबूत कुडकुडत असता आणि वीस पावलांवरच्या खिडकीतून बुखारीभोवती, म्हणजे लोखंडी शेगडीभोवती, पत्ते कुटणारी मंडळी दिसत असतात. एकांत, तारे, निसर्गाच्या कुशीत वगैरे जे मुलाच्या डोळ्यांसमोर आहे ते इथे नाही. ते हवं असेल तर दुसरीकडे जावं लागतं. कुठे, ते पुढे सांगते.

आता उंचीचं बोलू, कारण तंबू की लॉज हे ठरवताना मी स्वतः पहिल्यांदा तेच बघते. दिवसा किती चढलात याला फारसं महत्त्व नाही, रात्री झोपलात कुठे याला आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर कालच्या मुक्कामापेक्षा आजचा मुक्काम साधारण 500 मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथेच काढायची, हा जगभर पाळला जाणारा नियम. जिथे लॉज मोजकी असतात तिथे तो पाळता येत नाही, कारण पुढचं छप्पर सहाशे मीटर वर असलं की तुम्हाला तिथवर जावंच लागतं. नेपाळमधल्याच मनास्लूच्या वाटेवर सामदो 3,875 मीटरवर आणि लार्क्या खिंडीखालची धर्मशाला 4,460 वर, मध्ये काही नाही. तंबू पाठीशी असला की हवा तिथे थांबता येतं. तंबूचा खरा फायदा हाच आहे. चहा-घमेल्याचं कौतुक त्याच्यापुढे काहीच नाही.

पण तुमच्या वाटेवर लॉज इतकी दाट आहेत की हा फायदा तंबूशिवायच मिळतो. कंपन्यांचा ठरीव कार्यक्रम असा: फाकडिंग 2,610, नामचे 3,440 ला दोन रात्री, तेंगबोचे 3,860, डिंगबोचे 4,410 ला दोन रात्री, लोबुचे 4,940, गोरक्षेप 5,164, आणि बेस कॅम्प 5,364 ला जाऊन परत गोरक्षेपलाच झोप. यात दोन उड्या मला खटकतात. तेंगबोचे ते डिंगबोचे 550 मीटर आणि डिंगबोचे ते लोबुचे 530. तुमच्या वयाला आणि पहिल्याच खेपेला मी असं करेन: तेंगबोचेला मठ बघायचा, चहा घ्यायचा आणि पुढे पांगबोचेला, 3,930 वर झोपायचं. तिथून डिंगबोचे पाचशेच्या आत येतं. आणि डिंगबोचेनंतर थेट लोबुचे न गाठता थुकल्याला, 4,620 वर एक मुक्काम. थुकल्याला मोजकीच लॉज आहेत आणि तिथे कुणी हौसेने राहत नाही, पण दुसऱ्या दिवशी लोबुचेला पोचाल तेव्हा डोकं ठिकाणावर असेल. हा एक जादा दिवस कंपनीकडून लेखी घ्या. तंबूसाठी मोजणार होतात त्या पैशांतून असे तीन दिवस विकत घेता येतील.

थंडीबद्दल दोन्ही बाजूंनी बरेच गैरसमज आहेत. लॉज म्हणजे हॉटेल नव्हे. खोल्या प्लायवूडच्या, दोन खाटा, एक खिडकी, कुठलीही ऊब नाही. शेगडी फक्त जेवणाच्या हॉलमध्ये, तीही संध्याकाळी पेटणार आणि आठ-साडेआठला विझत येणार. वर झाडं संपली की जळण म्हणजे याकच्या शेणाच्या गोवऱ्या. सगरमाथा राष्ट्रीय उद्यान 1976 साली झालं आणि लाकूडतोडीवर बंधनं आली, तेव्हा शेगडीत लाकूड घाला म्हणून हट्ट धरू नका. ऑक्टोबरच्या शेवटी गोरक्षेपला खोलीच्या आत ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी गोठलेली सापडते. मग तंबूत वेगळं काय? वारा आणि ओल. श्वासातली वाफ तंबूच्या कापडाला आतून लागते, गोठते, आणि सकाळी ऊन पडलं की ती बारीक पावसासारखी अंगावर झरते. स्लीपिंग बॅग एकदा दमट झाली की रोज थोडी थोडी निकामी होत जाते, कारण वाळवायला जागाच नसते. लॉजमध्ये निदान मोजे शेगडीजवळ टांगता येतात. वाचताना हसू येईल, पण आठव्या दिवशी कोरडे मोजे ही चैन वाटते.

याचा धडा मला पिन-भाबाच्या खिंडीखाली मिळाला. हिमाचलातल्या काफनूहून चढायला लागलो, तिसऱ्या दिवशी पाऊस धरला तो हटेना. फुस्तीरंगच्या तळावर आम्ही दोन दिवस अडकलो. सगळे नऊ जण दिवसभर स्वयंपाकाच्या तंबूत एकमेकांना टेकून बसलेले, आणि माझ्याच चुकीने दोन बॅगा भिजल्या. आत प्लास्टिकची पिशवी घातली का, हे मी तपासलंच नव्हतं. त्यात संध्याकाळी एका गड्याचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. अंधार पडायच्या आत त्याला घेऊन आम्ही खाली काराच्या कुरणात उतरलो आणि पावसातच तंबू ठोकला. सकाळी पठ्ठ्या पोहे मागत होता. तंबूने आधी आम्हाला भिजवलं आणि मग त्यानेच वाचवलं, दोन्ही एकाच दिवशी. लॉज उचलून खाली नेता आलं नसतं. तुमच्या वाटेवर मात्र कुणाचं बिनसलं तर तास-दोन तास उतरलं की दुसरं लॉज मिळतं. शिवाय फेरिचेला, 4,371 मीटरवर, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना 1973 पासून हंगामात चालू असतो. विरळ हवेच्या आजारावर तिथले डॉक्टर ट्रेकर्सना माहितीही देतात. बरं वाटत असलं तरी ऐकून या.

आता तुमचं शेवटचं वाक्य. उंचीवर लघवी जास्त होते, ते शरीराचं जुळवून घेणं आहे, घाबरायचं कारण नाही. डॉक्टरांनी डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, दिली तर आणखी होईल. म्हणजे घरी दोनदा, तर तिथे चारदा धरून चाला. आणि उठायचं नको म्हणून पाणी कमी पिऊ नका. बऱ्याच बायका हे करतात आणि मग डोकं धरून बसतात. आता रात्री दोन वाजता तंबूतून बाहेर पडायचं म्हणजे काय ते ऐका: बॅगेची चेन, आतल्या कापडाची चेन, मध्ये कडक झालेले बूट, बाहेरच्या कापडाची चेन, डोक्यावरची बॅटरी, उणे दहामध्ये तंबूच्या दोऱ्या चुकवत संडासाच्या तंबूपर्यंत, आणि हेच सगळं उलट्या क्रमाने. परत येईस्तोवर झोप पळालेली असते. लॉजमध्ये दार उघडा, बोळ ओलांडा, झालं. फक्त एक जपा. वरच्या लॉजमध्ये संडासातलं पिंप गोठतं आणि सांडलेल्या पाण्याचा फरशीवर बर्फ होतो. घसरून मनगट मोडलेली माणसं मी पाहिलीत. सपाता नकोत, बूटच घाला. बायकांसाठी नरसाळं आणि रुंद तोंडाची बाटली मिळते. घरी बाथरूममध्ये दोन-चारदा सराव करा, लाजू नका.

झोपेतल्या श्वासाचंही सांगते, नाहीतर पहिल्या रात्री घाबराल. विरळ हवेत झोपेत श्वास मंद होत जातो, काही सेकंद थांबतो आणि मग एकदम मोठा श्वास घेतला जातो. शेजारच्याला वाटतं, आता काय झालं! बहुतेकांना होतं, आणि नुसतं तेवढ्यानं आजार ठरत नाही. पण आडवं पडूनही धाप थांबत नसेल, कफाचा घरघर आवाज येत असेल, किंवा सरळ रेषेत चालता येत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी खाली निघायचं. यजमान घरीच घोरता घोरता श्वास अडकून जागे होत असतील, तर जाण्याआधी ते डॉक्टरांना नक्की दाखवा. झोपेच्या गोळ्या आणि रात्रीची रक्सी, म्हणजे तिथली गावठी दारू, दोन्ही वर्ज्य. बुखारीजवळ बसून गावातली मंडळी आग्रह करतील, हात जोडून नाही म्हणा.

ऊब मिळावी म्हणून बंद जागेत काही पेटवायचं नाही, मग तो तंबू असो की खोली. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्याच दामन इथे गॅस हीटर लावून, दारंखिडक्या बंद करून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गुदमरून गेले. त्यात दोन कुटुंबांतली मुलंही होती. झोपताना बाटलीत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा. सकाळी तेच पाणी पिता येतं.

जेवणाच्या बाबतीत तंबूवाल्यांची बाजू मजबूत आहे, हे कबूल करते. आचारी आपला, भांडी आपली, तिखट आपल्या हाताचं. चांगला आचारी 4,900 मीटरवर केक करून वाढदिवस साजरा करतो. पण तोच आचारी हात धुवायला आळशी असला तर अख्खा गट एका रात्रीत आडवा. लॉजमध्ये हंगामात पन्नास माणसांचं रांधलं जातं, खोकणारे-शिंकणारे सगळे एकाच हॉलमध्ये, तेव्हा सर्दी-खोकला तिथेच लागतो. दाळ-भात मागा, तो दिवसभर होत असतो, ताजा असतो आणि पोटभर वाढतात. नामचेच्या पुढे मांस खाऊ नका. उद्यानात प्राणी मारत नाहीत, मांस खालून पाठीवर येतं आणि वाटेत किती दिवस गेले ते सांगणारं कुणी नाही. मेतकूट, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं घरून न्या. गरम भात, वर मेतकूट आणि याकचं लोणी असा बेत डिंगबोचेला आमच्या गटात ठरलेला. लॉजची दिदी आता मला पाहिली की आधी मेतकुटाची पुडी मागते.

पैशांचा हिशेबही नीट समजून घ्या. लॉजची खोली स्वस्त असते, कारण रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तिथेच घ्यायचा, हा अलिखित करार असतो. कमाई जेवणावर. जसजसं वर जाल तसा चहाच्या थर्मासचा भाव वाढतो, कारण प्रत्येक किलो कुणाच्या तरी पाठीवरून आलेला असतो. मोबाइल चार्जिंग, अंघोळीचं गरम पाणी, वायफाय, सगळ्याचे वेगळे पैसे. कंपनीच्या लॉजच्या दरात जेवण धरलंय की नाही ते विचारा, नाहीतर स्वस्त वाटलेला ट्रेक तितकासा स्वस्त राहत नाही. तंबूचा दर जास्त का, तर तुम्हा दोघांमागे गाइड, आचारी, एक मदतनीस आणि पाच-सहा भरिये लागतात. दोघांसाठी आठ-नऊ माणसं. लॉजने गेलात तर एक गाइड आणि एक भरिया पुरतो.

इथे मला जरा थांबायचंय. तंबूच्या ट्रेकमध्ये तुमची झोपायची सोय दरपत्रकात लिहिलेली असते. भरियांची? जुन्या काळी ते खडकाच्या कपारीत, नाहीतर जेवणाच्या तंबूत सगळे जेवून उठल्यावर झोपत. अजूनही काही ठिकाणी तसंच चालतं. सखल मुलखातला, कधी बर्फ न पाहिलेला पोरगा कापडी बूट घालून तीस किलो वाहतो आणि विरळ हवा त्याला तुमच्याइतकीच लागते, उलट जास्तच, कारण दुखतंय म्हणून सांगितलं तर रोजगार जाईल ही भीती. तुमच्या वाटेशेजारच्या गोक्योच्या खोऱ्यात माछेर्मोला भरियांसाठी निवारा बांधावा लागला तो यामुळेच. लॉजमध्ये गाइड-भरिये रात्री हॉलमधल्या बाकांवर झोपतात, तेव्हा नऊनंतर तिथे गप्पा छाटत बसू नका, त्यांची झोप खोळंबते. कंपनीला तीन प्रश्न विचारा: भरियांचा विमा आहे का, पाठीवर किती किलो, रात्री झोपणार कुठे. तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळेल त्याच्याकडे बुकिंग करू नका, मग तंबू असो वा लॉज.

छप्पर म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. नोव्हेंबर 1995 मध्ये अवेळी प्रचंड बर्फ पडला आणि गोक्योच्या खोऱ्यातल्या पांगा इथे मुक्कामाला असलेल्यांवर हिमस्खलन कोसळलं. जपानी ट्रेकर आणि त्यांचे नेपाळी साथीदार मिळून 20 हून अधिक माणसं गेली. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात लांगटांग गाव घरां-लॉजांसकट गाडलं गेलं. जागा कुठली, डोक्यावर कुठला उतार, हे आधी. भिंत प्लायवूडची की कापडाची, हे नंतर. आणि ऑक्टोबर 2014 मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या शेपटाने अन्नपूर्णेच्या बाजूला थोरोंग खिंडीत बर्फाचं वादळ आलं, तेव्हा त्या सगळ्या भागात मिळून 40 हून अधिक लोक मेले. खिंडीत सापडलेले कितीतरी जण पांढऱ्या अंधारात वाट चुकले. ऑक्टोबर म्हणजे हमखास निरभ्र, हे खरं नाही. गाइड म्हणाला आज इथेच बसू, तर बसा. बसायला छप्पर, चहा आणि शेगडी असली की माणूस निमूट बसतो. ओल्या तंबूत दोन दिवस काढलेला माणूस मात्र अधीर होतो आणि चुकीच्या वेळी निघतो. लॉजच्या बाजूने माझं हे फारसं कुणी न बोललेलं कारण.

मुलाला तंबूच हवा असेल तर त्याला लडाखला पाठवा. मार्खा खोऱ्यात स्क्यू, मार्खा, हांकर अशा गावांत लोकांच्या घरी राहायचं, थुक्पा खायचा, आणि वर निमालिंगच्या माळावर, खिंडीच्या आदल्या रात्री, तंबू. तिथे त्याला तारेही मिळतील आणि त्याचे दातही वाजतील. नेपाळमधला दुर्गम वरचा डोल्पो असेल तर तंबूच न्यावा, तिथे वाद नाही. उत्तराखंडात बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्काम करायला उच्च न्यायालयाने 2018 साली मनाई केली, त्यामुळे तिथल्या जुन्या तळांच्या भरवशावर कार्यक्रम आखू नये. आणि तुम्ही दोघं हरिश्चंद्रगडाच्या गुहेत सतरंजी टाकून झोपलेली माणसं. खरं तर तुम्हाला लॉजची खाट म्हणजे सासुरवाडीचा पाहुणचार वाटायला हवा.

सामानात उणे दहाला आरामात झोपता येईल अशी स्लीपिंग बॅग आपलीच न्या. लॉजमधल्या रजया उबदार असतात, पण हंगामात धुतल्या जात नाहीत, त्या वरून घ्यायच्या. लोबुचे आणि गोरक्षेपला ऑक्टोबरात खोल्या संपतात. एकदा आम्ही सहा जण लोबुचेच्या हॉलमध्ये बाकांवर झोपलोय. गाइडला दोन दिवस आधी फोन करून खोली धरायला सांगा आणि ती संडासाच्या बाजूची, पण अगदी लगतची नको, दोन दारं सोडून. जिना चढायला लागू नये, कारण गोरक्षेपला बारा पायऱ्या म्हणजे बारा पायऱ्या राहत नाहीत. घोरण्यावर प्लायवूड आणि तंबूचं कापड दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत. कानात घालायचे बोळे दोन जोड न्या, एक तुम्हाला आणि एक भिंतीपलीकडच्या खोलीत जो कुणी असेल त्याला.